माप देताना

कात्री थांबली तेव्हा कापड कापून झालेलं होतं. गडद हिरवं, जाड लोकरीचं कापड; ग्रंथालयातल्या बाईंनी दोन हिवाळे मनात घोळवून शेवटी एकदाचं आणून दिलेलं. टेलरबाईने कोटाच्या पाठीचे दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांवर ठेवले, कडा जुळवल्या आणि खडूची पांढरी रेघ शोधायला लागली. रेघ कुठेच नव्हती. असणार कुठून, कात्री थेट रेघेवरूनच चालली होती. शिवण जिथे यायची तिथे रेघ मारायची, रेघेच्या बाहेर बोटभर कापड सोडायचं आणि मग कापायचं, हे शिवणकाम शिकणाऱ्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगतात. त्या बोटभर कापडाला माया म्हणतात. माया ठेवली तर कपडा पुढे सैल करता येतो, अंग सुटलं तरी साथ देतो. नाही ठेवली तर शिवताच येत नाही. चाळीस वर्षांत तिच्या हातून चुका झाल्या नव्हत्या अशातला भाग नाही. ज्याने कात्री धरली त्याने कधी ना कधी कापड बिघडवलंच. एकदा एका वकिलाच्या कोटाचे खिसे तिने तळाशी शिवायचे सोडून तोंडाशीच शिवून टाकले होते, आणि तो भला माणूस कोर्टात उभा राहून खिशात हात घालायला बघत होता म्हणे. पण त्या त्या वेळी तिच्या घशाखाली दोन दोन दिवस घास उतरला नव्हता. आता ती ते तुकडे हातात धरून उभी राहिली आणि वाईट वाटायची वाट बघू लागली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा पुढे सरकला, बाहेरून एक बस गेली, काच थरथरली आणि थांबली. वाईट वाटलं नाही.

"अगं बाई! हे काय करून ठेवलंस?" खिडकीपाशी बसून काजं करणारी काजवाली म्हणाली. ती तिच्याहून चार वर्षांनी मोठी, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेली, नजर सुईच्या टोकासारखी आणि जीभ त्याहून. "माया कुठाय?"

"राहिली."

"राहिली म्हणजे? छत्री राहते बसमध्ये. माया कशी राहील?"

"राहिली खरी."

काजवालीने चष्मा कपाळावर ढकलला. "घरी भांडून आलीस?" नाही. "ताप आहे?" नाही. "मग बाई, माझ्यावर ओरड तरी. माझ्या बडबडीमुळे झालं म्हण. काहीतरी म्हण!" टेलरबाईने तुकड्यांची घडी केली आणि शेल्फावर ठेवली, अगदी व्यवस्थित, चांगल्या कापडाची करावी तशी. ग्रंथालयातल्या बाईंना फोनही शेवटी काजवालीनेच केला आणि तसंच कापड दुकान नव्याने आणून देईल असं सांगून मोकळी झाली. संध्याकाळी घरी जाताना टेलरबाईच्या मनात एवढंच येत होतं की चूक झाली ती झाली, पण आतून काही हललं कसं नाही? माणसाला कापल्यावर रक्त येऊ नये, तसं काहीतरी हे होतं. त्याची मात्र तिला भीती वाटली, आणि भीती वाटते आहे म्हणून जरासं बरंही वाटलं.

तसं हे काही त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं. कधी सुरू झालं हे सांगता आलं नसतं, कारण सुरू होताना काहीच झालं नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, कोणाशी वाकडं नव्हतं, गुडघे सोडले तर अंगही धड होतं. लेक दुसऱ्या शहरात सुखात होती. नवरा शाळेत व्यायामाचा मास्तर होता, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्लीतली माणसं त्याला सर म्हणत आणि तीही त्याच्या पाठीमागे सरच म्हणे. सर सकाळी सहाला उठत, खिडकी उघडत, शीळ घालत चहा करत. "चला, उठा! चार किलोमीटर मारून येऊ, सगळं झटकून निघतं!" सर्दी, कर्ज, भांडण, मरण, सगळ्यावर सरांचं औषध चार किलोमीटर. ती उठायची. उठण्याआधी छताकडे बघत पडून राहायची, तेवढा वेळ मात्र दिवसातला सगळ्यात वाईट. पाय जमिनीवर ठेवायचे, मग सपाता शोधायच्या, मग तोंड धुवायचं, मग... एकेक काम समोर उभं राहायचं आणि प्रत्येकाला विचारावंसं वाटायचं, का रे बाबा? चहा प्यायची. गरम आहे एवढं कळायचं. सर रस्त्याने हात हलवत पुढे, ती मागे, तळ्याच्या काठाने एक फेरी, मग "बघ, कसं मोकळं वाटतं!" ती म्हणायची, "हो ना." चांगल्या माणसाचा हिरमोड कशाला करा? रडायला कारण असतं तर ती धाय मोकलून रडली असती. रडण्यात ती काही कमी नव्हती. पण सगळं व्यवस्थित होतं. दुखणं सांगायचं तर दुखते ती जागा तरी बोटाने दाखवता यायला हवी.

अशा वेळी तिला आई आठवायची आणि ती आठवण ती झटकून टाकायची. आई तेव्हा आत्ताच्या तिच्याच वयाची, चौसष्ट-पासष्टची असेल. खिडकीशी बसायची, मांडीवर मटाराच्या शेंगांची परडी. तास तास परडी तशीच. तेव्हा हिचं दुकान नवं, लेक तीन वर्षांची, हिच्या पायाला भिंगरी, दारातून आत येता येता ही ओरडायची, "आई, बसून बसून गंज चढेल तुला! जरा हात चालव की!" आई मान वर करून हसायची. "हो गं, करते." एक शेंग सोलायची, दाणे भांड्यात टाकायची, पुन्हा हात थांबायचे. त्या हसण्याचा हिला राग यायचा, अगदी मस्तकात जायचा, कारण ते हसणं फक्त तोंडावर असायचं आणि डोळे तसेच बाहेर. गुडघ्यासाठी आईला दवाखान्यात नेलं, मोतीबिंदूसाठी नेलं, दातांसाठी नेलं. त्या खिडकीशी बसण्यासाठी कोणी कुठे नेलं नाही. वय झालं, असं सगळे म्हणाले. हीही म्हणाली. आई पुढे सहा वर्षं त्या खुर्चीत बसली आणि मग एक दिवस बसली नाही. आता चहाचा कप हातात घेऊन ती स्वतःच खिडकीशी बसलेली असायची, आणि सरांनी हाक मारली की तिच्या तोंडून निघायचं, "हो, येतेच." तेव्हा आपलं तोंड कसं दिसत असेल ते तिला पक्कं ठाऊक होतं.

फोनवर हे पहिल्यांदा पकडलं ते लेकीने. "आई, तुझा आवाज सपाट झालाय." फोनचा असेल, ती म्हणाली. "फोन मीच दिलाय, नवाय. आई, ऐक. हार्मोन्स तपासून घे. या वयात त्यांचा मनावर परिणाम होतो, मी वाचलंय."

"अगं, मला पाळी जाऊन चौदा वर्षं झाली. आता कसले हार्मोन? होते ते केव्हाच गाशा गुंडाळून गेले."

"सगळे नाही जात. काही राहतात, काही कमी होतात. तू जा तर खरी. बाबांना घेऊन जा."

लेकीचा स्वभाव आईवरच गेलेला. एकदा टाका घातला की उसवायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी टेलरबाई सरांबरोबर दवाखान्यात बाकावर बसलेली होती. डॉक्टरीण तरुण, लेकीहूनही लहान असावी, बोलायला गोड. रक्त काढून घेतलं. मग नर्सने एक छापील कागद आणि पेन दिलं. "आजी, हे भरून द्या. मनाची तपासणी आहे, घाबरू नका." कागदावर वीस प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत आपलं मन कशात रमलं का? आपण इतरांना ओझं झालो आहोत असं वाटतं का? पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटते का? प्रत्येकापुढे चार चौकटी: नेहमी, बरेचदा, क्वचित, कधीच नाही. चष्मा लावून ती पहिल्या प्रश्नापाशी थांबली. पेन "कधीच नाही" कडे निघालं, वाटेत "क्वचित" पाशी आलं, तेवढ्यात खांद्यावरून वाचणारे सर म्हणाले, "बरेचदा लिही की! परवा तळ्यावर बदकं बघत नव्हतीस का?" तिने बरेचदावर खूण केली. पुढचं मग सोपं गेलं. ओझं? कधीच नाही. आशा? बरेचदा. शांत झोप? नेहमी. खरं सांगायचं तर सर नसते तरी तिने तेच लिहिलं असतं. अनोळखी नर्स, अनोळखी कागद, शेजारी खोकणारी माणसं; तिथे बाई नीटनेटकीच बसणार ना? जाताना तिने केस विंचरले होते, चांगली चप्पल घातली होती. तशीच उत्तरं दिली.

आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टरीण कागद त्यांच्याकडे वळवून बोटाने दाखवत गेली. थायरॉइड व्यवस्थित. रक्त, साखर व्यवस्थित. बायकांचे हार्मोन या वयात असायला हवेत तेवढेच, म्हणजे नावापुरते. "हा एक जरा खालच्या बाजूला आहे," ती एका लांबलचक नावाखाली रेघ ओढत म्हणाली. "मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिथून येतो. पण वयाच्या मानाने ठीक आहे. आणि तुमचा मनाचा कागदही छान आहे. काळजीचं कारण नाही. सहा महिन्यांनी या."

"म्हणजे नॉर्मल!" सरांनी मांडीवर थाप मारली.

वयाच्या मानाने ठीक. जिना उतरताना ती ते शब्द पुटपुटत होती. तयार कपड्यांच्या दुकानात असतात तशी मापं, लहान, मध्यम, मोठं. ती कोणालाच नीट बसत नाहीत म्हणून तर आपलं दुकान चाललं. हे तिला सुचलं, पण पुढे ओढत न्यायला अंगात जोर नव्हता. सर आनंदाने शीळ घालत होते. त्यांना वाटलं संकट टळलं. तिला मात्र वाटलं, शेवटचं दारही लागलं. आजार असता तर औषध असतं. आजार नाही म्हणजे मग ही आपणच. आपलंच मन आंबट झालं, आपणच नाकर्ते झालो, आणि आता हे असंच. आईसारखं. बरं, असंच तर असंच, पण मग लोकांची कापडं तरी कशाला बिघडवा?

दुसऱ्या दिवशी तिने जाड पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "दुकान देणे आहे", आणि आतून काचेला चिकटवलं. दोनच दिवसांत एक मोबाइल दुरुस्त करणारा येऊन जागा बघून गेला, भिंतींवर हात फिरवून गेला, महिनाअखेरीला ताबा घेतो म्हणाला. ती हो म्हणाली. इतकं सोपं होतं ते. सर म्हणाले, "आराम कर आता, खूप केलंस." काजवाली तीन दिवस काहीच बोलली नाही, आणि काजवाली बोलत नाही हे त्या दुकानात एकतीस वर्षांत घडलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने आपली पाठीमागची उशी पिशवीत भरली.

"उशी कुठे नेतेस? अजून महिना आहे."

"तू एकदम जाशील. मला एकदम जमायचं नाही, मी थोडी थोडी जाते," काजवाली म्हणाली. "घरी सुनेने विचारलं, आता दिवसभर काय करणार? मी म्हटलं, तुझ्या चुका काढीन. हसली बिचारी. पण तोंड उतरलं तिचं." आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता तिने पिशवी पुन्हा पुन्हा दाबली. टेलरबाईला दिसत होतं की हिचा आधार आपण काढून घेतोय. दिसत होतं, कळत होतं, पण काचेच्या पलीकडून बघावं तसं. तिने फक्त म्हटलं, "उद्या बेकरीवाली येणार आहे ना मापाला? तेवढं शेवटचं करू."

बेकरीवाली आली ती पिठाचा वास आणि हसू घेऊनच आली. लेकीचं लग्न महिन्यावर, त्यासाठी जांभळ्या रंगाचा पायघोळ झगा हवा, आणि तोसुद्धा टेलरबाईच्याच हातचा. "दुकान काय बंद करताय! मला कोण शिवणार? मला बसणारं कापड बाजारात तंबूवाल्याकडेच मिळतं!" टेलरबाईने गळ्यातली टेप काढली. खांदा, छाती, काजवालीने वहीत आकडे लिहिले. कंबरेला टेप गुंडाळली आणि जे चाळीस वर्षं प्रत्येक बाईचं होत आलं तेच झालं. टेप लागताक्षणी बेकरीवालीचं पोट आत गेलं, पाठ ताठ झाली, हनुवटी वर. बायका टेपपुढे अशाच उभ्या राहतात. सोळाची पोर तशी, ऐंशीची आजीही तशी. मापाचा आकडा कमी यावा म्हणून जीव मुठीत धरून उभ्या, आणि मग कपडा बसला नाही की टेलर वाईट. म्हणून टेलरबाई कधी माप असं घेतच नसे. टेप लावायची, आकड्याकडे बघायचंच नाही, गप्पा काढायच्या. सासूबद्दल विचारलं की काही श्वास सोडतात, मुलांबद्दल विचारलं की उरलेल्या. तेवढ्यात टेपखाली दोन बोटं घालून माप उचलायचं. पण आज गप्पा काढायला जीभ उचलेना, तेव्हा तिने सरळच म्हटलं, "श्वास सोडा, बाई."

"सोडलाय की!"

"नाही सोडलेला. मी कोणाला सांगणार नाही, सोडा."

"अहो, मी मुद्दाम थोडंच करते! टेप दिसली की आपोआप होतं," बेकरीवाली लाल होत म्हणाली. "बाई आहे, दुसऱ्यापुढे पोट आत घेतच जन्म गेला."

"लग्नात किती वेळ धराल? दिवसभर? जेवायचंय, नाचायचंय, रडायचंय तुम्हाला. खोटं माप दिलंत तर झगा त्या खोट्या बाईला बसेल. आणि ती काही लग्नाला येणार नाही, तुम्ही येणार."

बेकरीवाली खो खो हसली आणि हसता हसता श्वास सुटला. पोट टेपवर आलं, मऊ, ऐसपैस, खरं. टेलरबाईची बोटं टेपखाली गेली आणि तिथेच राहिली. हे वाक्य ती शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना वर्षानुवर्षं सांगत आलेली होती. टाके घालावेत तितक्या सहज. आज ते तोंडातून बाहेर पडलं आणि तिच्याच कानाशी येऊन उभं राहिलं. छापील कागद, वीस प्रश्न, चार चौकटी. बरेचदा. कधीच नाही. नेहमी. टेप दिसली आणि तिने पोट आत घेतलं होतं! रक्ताने नाही घेतलं. रक्ताला कुठे पोट असतं? पण बाईने घेतलं. आणि त्या डॉक्टरणीने आकडा वहीत लिहून घेतला, त्या मापाची जी कोण नीटनेटकी, चांगली चप्पल घातलेली बाई होती तिला छान म्हणाली आणि सहा महिन्यांनी बोलावलं. "अगं, आकडा सांग ना," काजवाली पेन्सिल धरून बसलेली. टेलरबाईने आकडा सांगितला. मग टेप गळ्यात टाकली, पर्स घेतली आणि म्हणाली, "उरलेली मापं तू घे. मला एका ठिकाणी जाऊन यायचंय."

दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा निम्मा धीर सुटला होता. वाटेत तिने सरांना फोन केला आणि सर तिच्या आधी पोचून दारात उभे, चेहरा पडलेला, काय झालं काय झालं करत. "काही नाही झालं. पण आत मी एकटी जाणार. तुम्ही बाहेर बसा." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने सरांना कुठेच बाहेर बसवलं नव्हतं. ते बसले.

"आजी? तुम्हाला सहा महिन्यांनी बोलावलं होतं ना?" डॉक्टरीण म्हणाली.

"माप चुकलंय. पुन्हा घ्या."

"रक्ताचं?"

"रक्ताचं नाही. कागदावरचं. मी पोट आत घेऊन दिलंय ते." डॉक्टरणीला कळेना, तेव्हा टेलरबाईने तिला बेकरीवाली सांगितली, टेप सांगितली, चाळीस वर्षं सांगितली. डॉक्टरीण आधी हसली. मग तिने हातातलं पेन खाली ठेवलं, कॉम्प्युटरचा पडदा बाजूला वळवला आणि कागद न काढताच म्हणाली, "बरं. श्वास सोडा."

मग ती बोलली. वाटलं होतं रडू येईल, तर नुसतेच शब्द आले, एकामागोमाग, धागा रिळावरून सुटावा तसे. चहाची चव लागत नाही. नातीचा फोटो बघते आणि छान आहे असं डोक्याला कळतं, छातीला कळत नाही. कोणावर रागावत नाही, कापड बिघडवलं तरी वाईट वाटत नाही. नवऱ्याबरोबर चालते आणि मोकळं वाटतं म्हणून खोटं सांगते. सगळ्यांना मी नसले तर सोयीचं होईल असं वाटतं. डॉक्टरणीने मधेच, आवाज न बदलता विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात येतं?"

हा प्रश्न कागदावरही होता, शेवटून दुसरा. तिथे टेलरबाईने पटकन खूण केली होती. "करावं असं नाही येत," ती म्हणाली. "पण सकाळी जाग आली की वाटतं, नसती आली तरी चाललं असतं. हे मोजतात का?"

"हे सगळ्यात आधी मोजतात," डॉक्टरीण म्हणाली. आणि तिने खुर्ची टेबलाच्या बाजूने पुढे ओढली, इतकी की दोघींचे गुडघे जवळ आले. "बरं झालं आलात. मी कागदावर भागवायला नको होतं, ती चूक माझी. हे म्हातारपण नाही, आजी. याला उदासीनतेचा आजार म्हणतात आणि तो बरा होतो."

"मग तो टोपीवाल्या ग्रंथीतला? तो कमी आहे म्हणून हे?"

"खरं सांगू? माहीत नाही. उदास असलेल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये तो पुष्कळदा कमी सापडतो. पण तो कमी म्हणून मन उदास, की मन उदास म्हणून तो कमी, की वय दोघांनाही खाली ओढतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. त्याची गोळी दिली की झालं, असं म्हणणारे भेटतील. मी म्हणणार नाही."

हे ऐकून टेलरबाईला विश्वास वाटला. नुसत्या आकड्यावर कात्री चालवत नाही ही पोरगी. उपाय होते ते डॉक्टरणीने सांगितले: एक गोळी, जिचा गुण यायला महिना-दीड महिना लागेल, दर आठवड्याला एका मानसोपचार करणाऱ्या बाईंशी तासभर बोलणं, पंधरा दिवसांनी इकडे यायचं, आणि सकाळचं ते वाटणं वाढलं तर त्याच दिवशी, घरच्या माणसांना सांगून. "आणि तीन महिने कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. आत्ता जे दिसतंय ते तुम्हाला दिसत नाहीये, आजाराला दिसतंय."

"दुकान सोडणं मोठा निर्णय असतो का?"

"ते तुम्ही मला सांगा."

टेलरबाईने विचारलं ते भलतंच. "माझी आई मटाराच्या शेंगा घेऊन बसायची. सहा वर्षं. तिलाही हेच असेल?" डॉक्टरीण हळूच म्हणाली, "मी त्यांना पाहिलं नाही, आजी. असू शकेल." आणि तेव्हा, त्या पांढऱ्या खोलीत, आईच्या मांडीवरची परडी आणि आपलं दारातलं ओरडणं दोन्ही एकदम समोर येऊन टेलरबाईला वाईट वाटलं. पोटातून, जोरात, पोरीसारखं. ती हमसून हमसून रडली आणि रडतानाच तिच्या मनात आलं, आलं बाई एकदाचं.

बाहेर सर तिला बघून उठून उभे राहिले. तिने त्यांना सगळं सांगितलं, सकाळचं ते वाटणंसुद्धा. सर बाकावर बसले. त्यांचे मोठे, डंबेल धरून धरून जाड झालेले हात गुडघ्यांवर तसेच पडले. "मी तुला चालवत होतो," ते म्हणाले, "आणि तुला कसं वाटतं तेही मीच सांगत होतो. गाढव आहे मी." ती म्हणाली, "आहातच. चला घरी." संध्याकाळी तिने मोबाइलवाल्याला फोन करून तीन महिने थांबायला सांगितलं. शब्द फिरवायची सवय नव्हती, जीभ अडखळली. तो चिडला, दुसरी जागा बघतो म्हणाला. काजवालीने काचेवरचा पुठ्ठा उतरवला, पण फाडला नाही. तीन महिन्यांचं म्हणाली आहेस, मी काही आशा लावून बसत नाही, असं म्हणून तो कपाटामागे सारला.

गोळीने पहिले दहा दिवस तोंड कोरडं पडलं आणि बाकी काही झालं नाही. मग एक सकाळ बरी गेली, त्यामागून तीन वाईट. मानसोपचारवाल्या बाईंकडे पहिल्या तासाला ती गप्पच बसली, दुसऱ्या तासाला आईवर बोलली, तिसऱ्याला सरांच्या शिळेवर. कात्री तिने हातात घेतली नाही. काजवाली उसवणं-टाचणं उरकत होती आणि बेकरीवालीचा झगा काजवालीच्या एका मैत्रिणीकडून शिवून घेतला गेला, बरा झाला म्हणे. पाचव्या आठवड्यात एकदा पाव भाजल्याचा वास आला. इतकी वर्षं तो येतच होता. त्या दिवशी तो तिला आवडला. सर आता चालताना विचारायचे, "आज किती?" आणि ती म्हणायची, "आज कोपऱ्यापर्यंतच," की कोपऱ्यावरून परत. चार किलोमीटरच्या माणसाला हे जड जात होतं, पण शब्दाला पक्का.

सातव्या आठवड्यात, एका ढगाळ सकाळी, दोघं तळ्याकडच्या रस्त्याने चाललेली. पुढे एक उंच, सत्तरीचा माणूस चालला होता, करड्या रंगाचा कोट घालून. ती त्याच्या पाठीकडे बघत होती, बघायचं म्हणून नव्हे, समोर होता म्हणून. आणि बघता बघता तिच्या भुवया जवळ आल्या. खांद्यापाशी तिरक्या सुरकुत्या. कोपरापाशी बाही मागे फुगलेली, जिथे ताणायची तिथे सैल, सैल तिथे ताणलेली. मनगटावरची बटणं मागे असायची ती पुढे. शी! डावी बाही उजव्या मुंढ्याला, उजवी डाव्याला! कोण हा गाढव? कोणी शिवलाय हा? आणि शिवला तो शिवला, इस्त्री करून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवलासुद्धा! तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "साहेब!" ती ओरडली. "ओ करडा कोट! थांबा!" आणि गुडघे विसरून निघाली. मागून सर, "अगं, अगं, हळू!"

माणूस थांबला. टेलरबाईने धापा टाकत त्याची बाही धरलीच. "कोणाकडून शिवला हा?"

"का? काय झालं?"

"बाह्या अदलाबदल झाल्यात. हिची तिला, तिची हिला. तुम्हाला ओढत नाही का इथे? हात वर करताना?"

माणसाने हात वर केला, खाली घेतला, बाहीकडे बघितलं. "ओढतं की," तो म्हणाला. "तीन वर्षं ओढतंय. पण मला वाटलं, वय झालं, आता माझेच खांदे असे झाले असतील."

"खांद्यांना काही धाड भरलेली नाही तुमच्या!" टेलरबाई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की बदकं पाण्यात उतरली. "उद्या दहा वाजता दुकानात घेऊन या. बसस्टॉपसमोर, काचेचं दार. मी असते."